नालंदा स्टुडिओची भिंत

समुद्रपूरच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर प्रेमदासचा नालंदा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत एक भिंत होती. दुकान प्रेमदासचं, कॅमेरा प्रेमदासचा, पण नाव मात्र भिंतीचं. लोक आत डोकावून विचारायचे, "भिंत मोकळी आहे का, भाऊ?" म्हणजे हा बिचारा जणू भिंतीचा चपराशी.

एक्याण्णव साली तो नागपूरहून एक पोस्टर घेऊन आला होता. चार तुकड्यांत यायचं, खळ लावून चिकटवायचं. परदेशातलं जंगल होतं त्यात. पसरट, थोराड झाडं, लालपिवळी पानं, मधून एक वाट आणि वाटेवर पानांचा सडा. माणूस एकही नाही. झाड कोणतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभर लोक त्याला काश्मीर म्हणत राहिले. मग हायस्कूलचे रूपराव मास्तर ओळखपत्राच्या फोटोसाठी आले. मास्तर विज्ञान शिकवायचे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पोस्टरला नाक लावलं आणि निकाल दिला, "हा ओक होय. पान पाहा, कडा कशी नागमोडी आहे. तिकडे थंडी पडायच्या आधी हे झाड असं लाल होते, मंग सगळं गळून जाते." तेव्हापासून ती ओकाची भिंत झाली.

आता लग्नं काय, जमायची तेव्हा जमतातच. पण शेजारचे कापडवाले भैय्याजी, त्यांच्या पुतणीला चार स्थळं नाही म्हणून गेली होती. तिचा फोटो ओकापुढं काढला आणि पाचवं स्थळ पहिल्याच चहाला हो म्हणालं. भैय्याजींनी ही बातमी लुगड्याच्या प्रत्येक घडीबरोबर विकली. झालं. अल्लीपूरपासून आया पोरींना घेऊन येऊ लागल्या. पोरीचा पाहण्याचा फोटो काढायचा तर ओकाच्याच भिंतीपुढं, नाहीतर नाही. अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी त्या विलायती झाडाखाली जमल्या. ओकाला त्यातलं काही कळलं असेल तर तो हसला असेल.

प्रेमदास कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाशेजारी उभा राहून ठरलेले तीन हुकूम सोडायचा, "हात खाली, हनुवटी वर, श्वास रोखा." पोरी श्वास रोखायच्या, आयाही रोखायच्या. काउंटरच्या वर बाबासाहेबांची तसबीर लावलेला हा माणूस, भिंतीला नवस बोललेला त्याला कसा पटावा? सुरुवातीला त्यानं एकदोघींना समजावून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण फोटो तिथंच काढता ना?" तेव्हापासून त्यानं समजावणं सोडलं. मनातून मात्र तो त्या झाडावर जळायचा. आपण एवढा प्रकाश सांभाळायचा, चेहरे सांभाळायचे आणि शाबासकी कागदाच्या झाडाला.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये गिरडच्या पुढं एका खेड्यात लग्नाचं काम होतं. पंगती उठल्या, वरात निघायला अवकाश होता. प्रेमदासच्या कॅमेऱ्यात दोन फोटो शिल्लक होते. छत्तीसचा रोल जपून भरला तर अडतीस निघतात, हे फोटोग्राफरला ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नसतं. तो मांडवामागं डोंगराच्या कडेनं सहज चालत गेला आणि थबकला. समोरच्या उतारावर सागाची झाडं पानं झडून काड्या होऊन उभी होती. त्यांच्या मधोमध एक झाड लालबुंद पेटलेलं. आपल्या भिंतीवरचं पोस्टर कोणी इथं आणून लावलं की काय, असं त्याला वाटलं.

खाली एक गुराखी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तानबा त्याचं नाव. प्रेमदासनं विचारलं, हे कोणतं झाड?

"कुसुम होय," तानबा म्हणाला. "नवी पानं अशीच लाल येते. पंधरा दिवस राह्यते असं. मंग हिरवं होऊन जाते, मंग कोणी पाह्यत नाई त्याच्याकडे."

प्रेमदासनं कॅमेरा डोळ्याला लावला. नेमका तेवढ्यात ढग सूर्यावर आला. त्यानं दोन्ही फोटो काढले. धुऊन आले तेव्हा त्यातलं कुसुमाचं झाड शिळ्या वरणाच्या रंगाचं दिसत होतं. दुसरा कोणी असता तर फोटो फेकून मोकळा झाला असता. प्रेमदासला मात्र त्या दिवसापासून वेड लागलं. आपल्या डोंगरातलं हे झाड एक दिवस आपल्या भिंतीवर लावायचं आणि लोकांनी आपण होऊन त्याच्यापुढं उभं राहायचं, एवढंच त्याला हवं होतं.

मंगळवारी दुकान बंद असायचं. मंगळवारी पहाटेच्या गाडीनं तो गिरडला उतरायचा, दर्ग्याची टेकडी मागं टाकून जंगलाच्या वाटेला लागायचा. पिशवीत दोन पोळ्या, ठेचा आणि लग्नाच्या रोलमधले उरलेले दोन फोटो. त्यासाठी तो रोल कॅमेऱ्यातून काढायचाच नाही. नवरदेवाकडचे अल्बम मागायला आले की म्हणायचा, "दोन फोटो बाकी आहेत अजून." कोणाचे, ते सांगायचा नाही. एकदा तर डोंगरावरच्या धुक्याचा फोटो चुकून पाठर गावातल्या एका लग्नाच्या अल्बमात गेला. त्या घरच्यांनी तो काढला नाही. नवरा-नवरी नंतर फिरायला गेले होते तिथला आहे, असं ते वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत राहिले. ती दोघं हिंगणघाटच्या पुढं कुठं गेली नव्हती.

तानबाशी त्याची दोस्ती जमली. डोंगर कसा वाचायचा, ते तानबानं शिकवलं. श्रावणात सागाला तुरे येतात आणि सगळा उतार पीठ भुरभुरल्यासारखा होतो. भर पावसात महिनाभरानं कीड सागाची पानं खाऊन जाळी करते आणि हिरव्या डोंगरात एकटा साग तपकिरी पडतो. नवख्या माणसाला वाटतं आग लागली. वारा कोणत्या दरीतून आला की पाऊस इकडं येतो आणि कोणत्या दरीतून आला की नुसता गुरगुरून नागपूर जिल्ह्यात निघून जातो, हे तानबा नाकानं सांगायचा. प्रेमदासनं ते सगळं दोन-दोन फोटोंनी जमवलं. बिस्किटाच्या डब्यात डोंगराचे बारा महिने साठत गेले.

पण मार्चमधलं ते झाड काही हाती लागेना. त्याला कुसुम लाल हवा होता, मागं गारपिटीचं काळं आभाळ हवं होतं आणि पुढून ऊन हवं होतं. तिन्ही गोष्टी एका वेळी. शहाण्णव साली तसा दिवस आला. त्यासाठी मुद्दाम भरलेल्या नव्या रोलवर प्रेमदासनं धडाधड बटण दाबलं. दुकानात येऊन पाहतो तर रोल कॅमेऱ्यातल्या दात्यात अडकलाच नव्हता, एकही फोटो उमटला नव्हता. अठ्ठ्याण्णवला ऊन येण्याआधी गारा आल्या. कॅमेरा सदऱ्याच्या आत, सदऱ्यावर तानबाची घोंगडी, आणि डोकं मात्र उघडं. घरी आला तेव्हा कपाळावर दोन टेंगळं होती. नव्याण्णवला लग्नसराईत अडकला आणि पोचेपर्यंत झाड हिरवं झालं. तानबा म्हणाला, "काल याले पाह्यजे होतं, भाऊ." हे वाक्य प्रेमदासला गारांपेक्षा जास्त लागलं.

त्याची बायको सीता हे सगळं पाहत होती. ती गिरडजवळच्याच एका खेड्यातली. तो परत आला की विचारायची, "झाला का डोंगर पाहून?" आणि चहा ठेवायची. नवे फोटो तो तिच्यापुढं मांडायचा. ती एक नजर टाकायची, उठून आत जायची. गाढवाला गुळाची चव काय, असं प्रेमदास मनात म्हणायचा. तोंडानं म्हणायची त्याची छाती नव्हती.

दोन हजार तीन साली नऊ वर्षांनी दिवस जुळला. आभाळ काळं, झाड लाल, ऊन पाच मिनिटं. रोलही दात्यात अडकलेला. प्रेमदासनं नागपूरला जाऊन तो फोटो भिंतीएवढा मोठा छापून घेतला आणि ओकाच्या समोरच्या भिंतीवर लावला. मग खुर्ची टाकून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला.

पहिले आले भैय्याजी. त्यांनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं. "हे कुठलं?"

"गिरडच्या डोंगरातलं."

"आपल्या गिरडच्या?" भैय्याजींचा आवाजच उतरला. "भाऊ, पोट्टी दाखवाची आहे का जळतनाची लाकडं? लोक म्हणतीन फोटो काढाले गेलती का गुरं चाराले गेलती?"

त्यानंतर जी येईल ती हेच म्हणाली. ओकापुढं रांग आणि कुसुमापुढं बाकडं, ज्यावर रांगेतले लोक बसायचे, कुसुमाकडं पाठ करून. एकटे रूपराव मास्तर मुद्दाम येऊन कुसुमापुढं उभे राहिले, तेही निवृत्तीच्या निरोपसमारंभाच्या फोटोसाठी. "काखेत कळसा अन् गावाले वळसा आहे हा," मास्तर म्हणाले. "एक ध्यानात घे, प्रेमदास. ओकाचं लाल पान जायच्या वाटेवर असते. कुसुमाचं यायच्या वाटेवर." प्रेमदासला ते इतकं आवडलं की त्यानं ते पुढं आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. कोणी भिंत बदलली नाही.

दोन पावसाळे असेच गेले. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात भिंत झिरपली आणि एका सकाळी ओकाच्या पोस्टरचा चौथा हिस्सा सुटून जमिनीवर पडला. दुसऱ्या दिवशी उरलेलं गळालं. प्रेमदास नागपूरला गेला तर ते दुकान मोबाईलचं झालं होतं आणि तसलं पोस्टर कोणी विकत नव्हतं. तालुक्यात दुखवटा पसरला. आया दारातून आत पाहायच्या, रिकामी भिंत पाहून चुकचुकायच्या आणि हिंगणघाटचा रस्ता धरायच्या.

आणि हिवाळा सरता सरता प्रेमदासच्याच घरात फोटोचा प्रश्न उभा राहिला. मुलगी मेघा डी.एड. होऊन शिक्षिका झाली होती. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतून एका पोस्टातल्या मुलाचं विचारणं आलं होतं. प्रफुल त्याचं नाव. त्यांना फोटो हवा होता. प्रेमदासनं कुसुमासमोरचं बाकडं उचललं, भिंत पुसली, दिवे लावले आणि मेघाला हाक मारली.

आतून सीता आली. "त्याच्यापुढं नाई काढाचा माह्या पोरीचा फोटो."

प्रेमदास हसून म्हणाला, "तू पण भैय्याजीची चेली झाली का? त्या ओकानं का कोणाचं लगन जमवलं वं?"

"ओक जाऊ द्या चुलीत." सीताचा आवाज चढला नाही, पण ती दिव्यापुढून हललीही नाही. "त्या डोंगरातून मी दहा वर्षं मोळ्या आणल्या. नऊ वर्षांची होती तेव्हापासून, लगन होऊन इथं येईपर्यंत. रोज. पायात काटे, मानेत कळ. तुम्ही तिथून फोटो आणता अन् माह्यापुढं मांडता, मले त्यात झाड दिसत नाई, मले त्यात वाट दिसते. माही पोरगी शिकली, मास्तरीण झाली. तिले पुन्हा त्याच डोंगरात उभी कराची का?"

प्रेमदास खाली बसला. बारा वर्षं तो दर मंगळवारी त्या डोंगरात गेला होता. वारा कुठून येतो, कीड कधी पडते, हे त्यानं तानबाला हजारदा विचारलं. बायकोला एकदाही विचारलं नव्हतं की तू त्या बाजूची, तुला काय माहीत आहे त्या डोंगराचं? त्याला खरोखर लाज वाटली. गाढव कोण, हे त्याला आता कळलं.

त्यानं दुसऱ्या दिवशी कुसुमाचा फोटो स्वतःच्या हातानं उतरवला आणि गुंडाळून माळ्यावर टाकला. सिंदी मेघेला कळवलं की फोटोला जरा वेळ लागेल. दुकानाच्या दोन्ही भिंती उघड्या पडल्या.

माळ्यावरून ते झाड खाली आणलं नाही मेघानं. तिनं वेगळीच टूम काढली. मार्च लागला तशी म्हणाली, "बाबा, मी एकदा पण नाई पाह्यला तो डोंगर. तुम्ही फोटोत पाह्यला, आईनं मोळीखालून पाह्यला. मले तुम्ही दोघं मिळून दाखवा. फोटो तिथंच काढू, नाई आवडला तर नाई पाठवणार." सीता आठ दिवस नाही म्हणत होती. नवव्या दिवशी पोरगी एकटीच बापाबरोबर निघाली, तेव्हा तिला एकटीला कशी पाठवायची म्हणून सीताही निघाली. नवं पातळ नेसली, कोणी विचारलं तर पाहुण्याकडं चाललो म्हणून सांगायचं ठरवून.

गिरडला तानबा वाट पाहत होता. आता त्याची गुरं गेली होती, काठी तेवढी राहिली होती. त्यानं आभाळाकडं नाक केलं. "पाऊस येईन, पण तीनच्या आंधी नाई. चाला."

या खेपेला प्रेमदासनं आख्खा रोल घरच्यांसाठी भरला होता. मेघा ओढ्यात, मेघा सागाखाली, मेघा तानबाची काठी धरून. जन्मात पहिल्यांदा तो हात सैल सोडून फोटो काढत होता. मागं सीता चालत होती आणि काहीतरी बिनसलं होतं. तिचा पाय अडखळत होता. चढावर ती थांबायची, दोन पावलं टाकायची, पुन्हा थांबायची.

"दुखते का काही?" प्रेमदासनं विचारलं.

"दुखत नाई." सीता स्वतःवरच चिडली होती. "हात कुठं ठेवाव तेच समजून नाई राह्यलं. या वाटेनं मोकळ्या डोक्यानं कधी चालली नाई ना मी."

आणि तिघांनी पाहिलं, बोलता बोलता तिचा उजवा हात आपोआप वर गेला होता, डोक्यावरची नसलेली मोळी सावरायला. तिच्या ध्यानात आलं तसा तिनं तो झटकन खाली घेतला. दहा पावलांवर तो पुन्हा वर गेला. मेघा हसायला लागली. मग सीताही हसली, तोंडाला पदर लावून, आणि मग तिला ते हसू आवरेचना. तानबाकडं पाहून म्हणाली, "तानबाभाऊ, पंचवीस वर्षं झाली, अजून उतरली नाई वो मोळी."

त्यानंतर तिचा पाय सुधारला. सुधारला कसला, ती पुढंच निघाली. प्रेमदास नेहमीच्या वाटेनं डावीकडं वळला तर ही उजवीकडं. "तिकडून कायले जाता? तो बैलाचा रस्ता होय. बायांचा इकडून आहे." तानबानं मान डोलावली, म्हणजे त्याला ठाऊक होतं आणि बारा वर्षांत त्यानं सांगितलं नव्हतं, कारण प्रेमदास बाई नव्हता.

बायांची वाट करवंदीच्या जाळ्यांमधून वर चढली आणि एका उघड्या जागी आली. तिथं छातीएवढा उंच, वरून सपाट असा एक काळा दगड होता. सीतानं त्याच्यावर तळवा ठेवला.

"हा मोळीचा दगड," ती मेघाला सांगू लागली. "मोळी खाली टेकवली तं एकटीले पुन्हा उचलता येत नाई. म्हणून या दगडाले पाठ लावून उभं राह्याचं अन् डोक्यावरची मोळी मागं दगडावर सरकवाची. कोणी आलं तं ठीक, नाई आलं तरी आपलं आपण डोकं खाली घालून उचलता येते. इथं थांबल्याबिगर कोणीच पुढं जात नव्हतं. पाणी पिवाचं, काटा काढाचा." तिनं समोर हात केला. "अन् मंग हे पाह्यत बसाचं."

प्रेमदासनं समोर पाहिलं. दरीच्या पलीकडं त्याचा कुसुम होता, पण हा तो नव्हता. खालून त्यानं नेहमी एकच झाड पाहिलं होतं. इथून त्याच्यामागं उतरंडीसारखी आणखी पाच-सहा कुसुमाची झाडं दिसत होती, सगळी लाल, आणि मधून एक पांढरी पायवाट वळत वळत गावाकडं गेलेली. अशी जागा एकाच डोंगरात शोधत त्यानं बारा वर्षं गारा खाल्ल्या होत्या आणि ती जागा त्याच्या घरात रोज चहा ठेवत होती.

"हे तुले ठाऊक होतं?" तो म्हणाला.

"पाठ आहे मले," सीता म्हणाली. "दहा वर्षं रोज पाह्यलं. चांगलं दिसते म्हणून नाई, दम खाले थांबाव लागे म्हणून. पण चांगलं दिसे." हे शेवटचं वाक्य तिनं जरा नाइलाजानंच कबूल केलं.

मेघा दगडाशी उभी राहिली. प्रेमदासनं तिचे चार फोटो काढले. छत्तीस झाले, सदतीसही झाला. तेवढ्यात तानबानं काठी उचलली, "आला." मागच्या दरीतून काळं आभाळ वर चढलं, कुसुमाच्या मागं येऊन थांबलं आणि पश्चिमेकडून ढगाखालचं ऊन सरळ त्या लाल पानांवर पडलं. नऊ वर्षं वाट पाहून मिळालेलं ऊन यापुढं फिकं होतं. अडतिसावा फोटो कॅमेऱ्यात असेल तर होता, नसेल तर नव्हता.

प्रेमदासनं डोळा लावला. आणि चौकटीच्या मधोमध सीता. ती दगडाला पाठ लावून उभी राहिली होती, जुन्या सवयीनं, आभाळाकडं पाहत. वाऱ्यानं नवं पातळ फडफडत होतं. उजवा हात पुन्हा डोक्यावर गेला होता.

"जरा बाजूले हो" हे शब्द प्रेमदासच्या जिभेवर आले. त्यामागून "हात खाली" आलं. पंधरा वर्षांची सवय ती. त्यानं दोन्ही गिळले आणि बटण दाबलं. मग थेंब आले, टपोरे, आणि चौघं करवंदीच्या जाळीत शिरली. प्रेमदासनं कॅमेरा सीताच्या पदरात गुंडाळायला दिला.

अडतिसावा निघाला होता. दोन दिवस प्रेमदासनं तो फोटो कोणाला दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी सीतापुढं ठेवला आणि नेहमीसारखी ती उठून आत जाईल म्हणून वाट पाहत राहिला. ती उठली नाही. बराच वेळ पाहून म्हणाली, "पातळ बरं दिसून राह्यलं." मग म्हणाली, "हा लावा. पण भिंतीएवढा मोठा नका करजा. लोकं माह्यापुढं फोटो काढतीन का?"

तसंच झालं. माळ्यावरचं जुनं झाड माळ्यावरच राहिलं. मोठ्या भिंतीवर नवा कुसुम आला. एप्रिल लागून झाड हिरवं व्हायच्या आधी प्रेमदासनं पुन्हा जाऊन दगडावरून नुसता देखावा काढून आणला होता. सीताचा फोटो चौकट करून काउंटरच्या बाजूला लागला. मेघाचा दगडाजवळचा फोटो सिंदी मेघेला गेला आणि दहा दिवसांनी तिकडची मंडळी चहाला आली. घरात जागा नव्हती म्हणून बसणं स्टुडिओतच झालं.

प्रफुलची आई यशोदाबाई मोठी गंभीर बाई. पोहे घेतले, मेघाला शाळा विचारली, पगार विचारला नाही. मग तिची नजर चौकटीवर गेली आणि तिथंच अडकली.  डोंगर नडला, असं प्रेमदासला वाटलं.

"हात डोक्यावर काऊन आहे?" यशोदाबाईनं विचारलं.

प्रेमदास काही सांगणार, त्याआधी सीता म्हणाली, "मोळी होती."

"कुठं आहे मोळी?"

"आता नाई. पहिले होती."

यशोदाबाईनं पोह्याची बशी खाली ठेवली. "किती वर्षाच्या होत्या तुम्ही?"

"नऊ."

"मी आठ," यशोदाबाई म्हणाली. "आम्ही आर्वीकडले. आमच्याकडे दगड नव्हता जी. मोहाच्या बेचक्यात टेकवाव लागे. अन् एखाद्या दिवशी बेचक्यात माकड बसून राहे." सीता हसली. यशोदाबाई हसली नाही, पण खुर्ची पुढं सरकवली. मग त्या दोघी सुरू झाल्या. कोणतं लाकूड वजनाला हलकं पण धूर फार, कोणत्या काट्याला कोणता चीक, राखणदार कोणत्या वळणावर उभा राहायचा आणि त्याला कसं चुकवायचं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. प्रफुलनं दुसरा चहा संपवला. मेघा आणि तो दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांचं तिथं काय बोलणं झालं, ते कोणी ऐकलं नाही. निघताना यशोदाबाई पायरीवर थांबली. "पोट्ट्यांचं त्यायचं त्यायले ठरवू द्या," ती म्हणाली. "आमचं तर जमलं."

मेघाचं लग्न त्याच उन्हाळ्यात विहारात लागलं. भैय्याजींनी दुसऱ्याच दिवसापासून लुगड्याच्या घडीबरोबर नवी बातमी विकायला काढली. कुसुमाची भिंत ओकापेक्षा जोरदार आहे, मी तर पहिल्या दिवसापासूनच म्हणत होतो, असं ते सांगत. प्रेमदासनं या खेपेला समजावलं नाही. पुन्हा रांग लागली. बाकडं रस्त्याकडं गेलं. पोरींच्या आया फोटो झाल्यावर निघायच्या आणि मग परत वळायच्या, जरा चाचरत विचारायच्या, "भाऊ, माहा पण एक काढता का?"

त्या पदर सावरून भिंतीपुढं जायच्या, त्या लाल झाडांकडं, त्या पांढऱ्या पायवाटेकडं एकदा नीट पाहून घ्यायच्या आणि तोंड फिरवून उभ्या राहायच्या. आणि कित्येकींचा हात आपोआप डोक्याकडं जायचा. प्रेमदास कॅमेऱ्यामागून पाहायचा. "हनुवटी वर, श्वास रोखा," एवढंच तो म्हणायचा. हात खाली, हे म्हणणं त्यानं सोडून दिलं होतं.